मोरखडपावर सही मिळणार नाही

खांब
१६ जून २०२४

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हवं होतं, बाबांनी शिकवलं तसं. पण आज तो शब्द हाताला येत नाही, तेव्हा नुसत्या 'दादा'वर भागव.

तुझा लखोटा मिळाला. आत पत्र नाही, चौकशी नाही, नुसतं हक्कसोडपत्र. वकिलाने माझ्या सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्याही मारून ठेवल्यात, म्हणजे बहिणीला शोधायचा त्रास नको. 'मी स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' असं त्यात लिहिलंय. माझी खुशी पेणच्या वकिलाला कधी कळली ते एकदा विचारून घे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर सांगते. मोरखडपावर मी सही करणार नाही. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं तसं माझंही लागलं. खालची खाचरं मी कसते, वरचा डोंगर आपल्या दोघांचा. तो मुंबईच्या पार्टीला द्यायचा, त्यांनी तो कापून बंगले बांधायचे, आणि मी पेन्सिलच्या फुलीवर नाव लिहायचं, हे होणार नाही.

मालूवहिनीकडून तुझा निरोप कळला, की मार्चमध्ये सगळं जळून गेलं, आता त्या कोळशाचं काय लोणचं घालायचंय का. दादा, तू वणव्यानंतर एकदाही वर चढला नाहीस. मी चढले, आणि एकटी नाही. रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मृणाली आहे. वणव्याच्या पंधरा दिवसांनी ती पाठीवर कागदांची गुंडाळी घेऊन आली आणि मला म्हणाली, या डोंगरावरची ठरावीक झाडं दर महिन्याला कागदावर काढायची आहेत, जागा तुमची आहे म्हणून विचारते. तिच्याबरोबर खलीलभाई होते. एकोणीस वर्षं कुवेतमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवून आता कायमचे रोह्यात आलेत. ते जळक्या फांदीचाच कोळसा हातात घेतात आणि त्यानेच ती फांदी काढतात. मी म्हटलं, मलाही थोडी रेघ ओढता येते.

थोडी म्हटलं हं. तीस वर्षं तुझ्या पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखले ते सांगितलं नाही. गिऱ्हाईक आलं की तू माझ्या हातातला कुंचला घेऊन मूर्तीसमोर बसायचास, ते तर नाहीच सांगितलं.

पहिल्या दिवशी मला सगळं मेलेलंच दिसलं. खलीलभाईंनी कुंभ्याच्या काळ्या बुंध्यावर अंगठ्याचं नख ओढलं. आत हिरवं. एप्रिलच्या शेवटी, पावसाचा थेंब नसताना, त्याच कुंभ्याला पालवी आली. साग बुडातून फुटलाय. परवा गेलो तर राखेतून शेवळं वर आलेली. मी चार आणली, भाजी केली, आणि जेवताना तुझी आठवण आली. एवढंच गोड लिहिते, पुढे लिहिणार नाही.

वणवा कुणी लावला ते मला विचारू नकोस. कातकरवाडीच्या रघूचं नाव गावात घेतात.

कागद परत पाठवते आहे. फुल्या खोडून टाकल्यात.

नूतन


खांब
२० ऑगस्ट २०२४

दादा,

काल राखीपौर्णिमा झाली. राखी पोस्टाने पाठवली होती, मिळाली असेल. ती तुझ्या मनगटासाठी होती, सातबाऱ्यासाठी नाही.

वहिनीने फोन केला होता. सीझन तोंडावर आलाय, दीडशे मूर्ती बिनडोळ्यांच्या बसल्यात, आणि माझ्या जागी बसवलेल्या आदर्शने आखलेल्या डोळ्यांचे फोटो तिने पाठवले. दादा, आदर्शचा हात चांगला आहे, त्याला रागावू नकोस. पण गणपती दचकल्यासारखे दिसतायत. वरची पापणी त्याने एका दमात ओढलेली नाही, मध्ये थांबून श्वास घेतलाय. तिथे जाड झाली. त्याला सांग, कुंचला टेकायच्या आधी श्वास सोडायचा, नंतर नाही.

मी येणार नाही. 'सही राहू दे, निदान डोळ्यांना ये' असा निरोप तू पाठवलास, त्यातला 'निदान' मला आवडला नाही.

शिवाय वेळ नाही. दर रविवारी आम्ही वर असतो. पावसात छत्री झाडाला बांधायची आणि खाली बसायचं. मृणाली पूर्ण झाड काढते, लांबून. खलीलभाई खोड काढतात. मी कोंब काढते. एवढुसा कोंब असतो, पण त्याला वळण असतं, आणि ते वळण चुकलं की तो दुसऱ्याच झाडाचा होतो. परवा धामणीचा कोंब काढताना तीन कागद फाडले. मृणाली म्हणाली, तुमची रेघ कुठून आली, कुठे शिकलात. आता मात्र मी तिला सगळं सांगितलं. मूर्ती, डोळे, पाटीवर तुझं नाव, सगळं. त्याच दिवसापासून तिने प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहायचा नियम केला. माझं नाव मी पहिल्यांदाच चित्राखाली लिहिलं.

सगळं परत आलेलं नाही, हेही तुला सांगते, नाहीतर म्हणशील बहीण कविता करते. बाबांचा बिटक्या आंबा गेला. त्याच्या बुंध्याला नख लावलं तर आतही काळाच. खडपाच्या पश्चिमेला जिथे दाट करवंदी होती तिथे रानमोडी घुसलीय, ती गुरं खात नाहीत आणि दुसरं काही उगवू देत नाही. आम्ही तीही काढतो. मृणाली म्हणते जे आहे ते काढायचं.

रघू अधूनमधून येतो. नावं तोच सांगतो. आम्ही ज्याला गवत म्हणून तुडवत होतो ती रानहळद निघाली. त्याला अजून दर पंधरवड्याला जंगलवाल्यांच्या ऑफिसात हजेरी द्यावी लागते, कारण मोरखडपावरची आग पुढे सरकारी रानात शिरली होती. आपल्या गावातल्या दोघांनी त्याला त्या दिवशी कोयता घेऊन वर जाताना पाहिलं होतं. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीने रोह्याला जातो, तिथे बाकावर बसतो आणि परत येतो.

परवा तो मला म्हणाला, "ताय, ज्या रानातून कंद काढून प्वारांना घालतो, त्याला मी काडी लावीन काय?"

मी म्हटलं, नाही रे. आणि कोंब काढत राहिले.

त्या कोंबाचं वळण चुकलं. कागद फाडला.

नूतन


खांब
५ नोव्हेंबर २०२४

दादा,

परवा भाऊबीजेला तू आलास. सात महिन्यांनी आलास म्हणून मी सकाळपासून करंज्या तळल्या. तुझ्या भाच्याने, जितेशने, शिफ्ट बदलून घेतली. पाट मांडला, ओवाळलं, आणि तू शर्टाच्या खिशात हात घातलास. मला वाटलं दरवर्षीसारखं पाकीट. तू निरांजनाच्या शेजारी, तांदळावर, तोच घडी घातलेला कागद ठेवलास.

ओवाळणीच्या ताटात हक्कसोड. दादा, आपल्याकडे बहिणी सह्या करतात, मला माहीत आहे. गोदूआत्याने केली, आईने तिच्या भावांना दिली. माहेर तुटू नये म्हणून करतात, आणि मग दिवाळीला साडी मिळते आणि सगळे म्हणतात किती चांगली बहीण. पण ताटात ठेवून मागितलेली मी तरी ऐकली नव्हती. वहिनीने मान खाली घातली, तेवढं तिचं मला बरं वाटलं.

आणि मी नाही म्हटल्यावर तू जे बोललास, ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की नूतनने रचलं. जितेशसमोर तू म्हणालास, "राब कुणी पेटवला ते मी ऑफिसात जाऊन सांगू काय? रघू सुटंल, तू अडकशील. सही कर, नाय तर सांगतो."

जितेशला काही माहीत नव्हतं. तू गेल्यावर तो माझ्याकडे बघत बसला. करंज्या तशाच राहिल्या.

तेव्हा आता नीट सांगते. तुला माहीतच आहे, पण मी ते अजून कुणासमोर पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही.

नऊ मार्चला राब मी पेटवला. डोंगराच्या पायथ्याच्या कोपऱ्यातल्या खाचरात, जिथे दरवर्षी रोपासाठी जमीन भाजतो तिथेच. शेण, पातेरा, टहाळ, वर माती, सगळं बाबांच्या पद्धतीने रचलं. सकाळचा वारा डोंगरावरून खाली येत होता, म्हणून उलट्या अंगाने काडी लावली, म्हणजे आग हळू सरकते. अकरा वाजता ज्वाळा बसल्या, आत धुमसत राहिलं. बाबा सांगायचे, हात घालता येईपर्यंत बांध सोडायचा नाही. मला हे माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं.

तेवढ्यात तुझा फोन आला. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा कंटेनर दुसऱ्या दिवशी निघणार, साठ मूर्तींचे डोळे बाकी. मी म्हटलं राब धुमसतोय, संध्याकाळी येते. तू म्हणालास, "काय होत नाय गो, वर माती हाय ना. आधी डोळे." मी मातीची आणखी दोन घमेली वर टाकली आणि गाडी पकडली.

दुपारी खाडीकडून वारा फिरला. तो रोजच फिरतो. माती उडाली आणि राबातली आग बांधावरच्या सुक्या गवतात गेली. मी पेणला बत्तिसावा गणपती आखत होते तेव्हा मोरखडप जळत होतं.

एवढंच. चूक माझी. तू बोलावलंस हे खरं, पण पाय माझे होते.

आणि रघू त्या दिवशी कोयता घेऊन वर का गेला होता, ते मी त्याला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मग मला बोलावं लागलं असतं. आठ महिने मी त्याच्या शेजारी बसून झाडं काढली. मला स्वतःची लाज वाटते, दादा. तुझी नाही, स्वतःची. तुझाही राग येतो, पण तो वेगळ्या खान्यात आहे.

आता तुझ्या धमकीचं. डोंगर मी जाळला म्हणून तो विकायचा, असा तुझा हिशेब दिसतो. मला तो उलटा लागतो. मी जाळला म्हणूनच तो विकू देणार नाही. ज्याचं नुकसान केलं त्याची विल्हेवाटही मीच लावायची, एवढी कोडगी मी नाही. 

जाताना तू दोन महिन्यांची मुदत दिलीस. मला तेवढी लागणार नाही.

कागद चुलीत घातला. नवा काढून घे, वकील तुझाच आहे.

नूतन


खांब
१८ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र सावकाश वाच. कारखान्यात उभ्याने वाचू नकोस, घरी जाऊन बैस.

मृणालीने रोह्याला शाळेच्या सभागृहात आमच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत ओळीने भिंतीवर, म्हणजे माणूस चालत गेला की डोंगर हिरवा होत जातो. मांडताना ती म्हणाली, पहिलं चित्रच नाही आपल्याकडे. हे सुरू कुठून झालं, ते कुणीच काढलेलं नाही.

मी म्हटलं, मी काढते.

दोन दिवस लागले. खलीलभाईंचा कोळसा घेतला. खाली खाचर काढलं, कोपऱ्यात राबाचा काळा चौकोन, त्यावर दोन ठिकाणी माती उडालेली, आणि तिथून बांधावरून वर चढत गेलेली काळी पट्टी, थेट मोरखडपाच्या माथ्यापर्यंत. बांधावर माणूस नाही. एक घमेलं तेवढं पडलेलं. खाली माझं नाव लिहिलं.

मृणालीने ते हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, लावायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. खलीलभाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नूतनबाय, आदी रघूला दाखव. भिंतीला मंग."

बरोबर होतं त्यांचं. शनिवारी सकाळी मी चित्राची गुंडाळी घेऊन कातकरवाडीत गेले. रघू अंगणात टोपली विणत होता. मी चित्र त्याच्यासमोर जमिनीवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तो बघत राहिला. मी सांगायला लागले तर त्याने हाताने थांबवलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "त्या दिशी धूर दिसला म्हनून कोयता घेऊन तुझ्याच बांधावर धावलो व्हतो. टहाळ तोडून मारत व्हतो. तुझं घमेलं वळखलं मी."

विझवायला गेला होता, दादा. लोकांनी त्याला वर जाताना पाहिलं ते खरंच होतं.

मी विचारलं, मग ऑफिसात सांगितलं का नाहीस. त्याने टोपली बाजूला ठेवली. "सांगून कोन ऐकनार? आनि मला वाटलं तू सांगशील. दर रविवारी वाटायचं, आज सांगल. नऊ म्हयने झाले."

मी माफी मागितली. त्याने माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी त्याच्याकडून तेवढं वदवून घेतलं नाही. तो एवढंच म्हणाला, सोमवारी माझी हजेरी हाय, तिथं चल आणि त्यांच्या तोंडावर सांग, मला सांगून काय उपयोग.

रविवारी चित्र भिंतीवर लागलं, दारातून आत आल्यावर पहिलंच. आपल्या गावातलेही बरेच आले होते. रघूचं नाव घेणारे ते दोघंही आले. एकाने विचारलं, कुणाचं गो हे शेत? मी म्हटलं, माझं. राब माझा, सोडून गेले ती मी. लोक पुढच्या चित्राकडे सरकले. काहींनी माझ्याशी बोलणं टाळलं. धोंडुबाई कुड्याच्या कोंबाच्या चित्रापाशी थांबून म्हणाली, असला कुडा माझ्याही बांधावर फुटलाय, आणि मला बाजूला घेऊन भरपूर शिव्या दिल्या. दोन्ही मला चाललं.

सोमवारी रघू आणि मी एकाच एसटीने रोह्याला गेलो. तो पुढे बसला, मी मागे. ऑफिसात मी जबाब लिहून दिला, स्वतःच्या हाताने, कारण साहेब लिहून घेत होते ते मला गुळमुळीत वाटलं. त्यांनी विचारलं, धुमसता राब सोडून गेलात कशाला? मी लिहिलं, पेणला मूर्तींचे डोळे आखायला. त्यांनी विचारलं, कुणी बोलावलं होतं? मी म्हटलं, माझी मी गेले.

तुला वाचवायला नाही म्हटलं, गैरसमज नको. माझ्या जबाबात मला दुसऱ्या कुणाचं नाव नको होतं, इतकंच.

रघूची हजेरी बंद झाली. माझ्यावर केस होईल, दंड होईल, काय होईल ते जानेवारीत कळेल. जितेश दोन दिवस घुम्यासारखा होता. काल त्याने स्वतःहून विचारलं, तारखेला मी रजा टाकू काय. मी हो म्हटलं. भीती वाटते, दादा, नाही कशी वाटणार. पण नऊ महिने वाटली त्यापेक्षा ही बरी आहे. हिला निदान तारीख आहे.

येताना तहसीलला उतरले. मोरखडपातला माझा हिस्सा मोजून वेगळा करून मिळावा म्हणून अर्ज दिला. तुला नोटीस येईल. मोजणीला माणसं येतील तेव्हा तूही ये, तुझा हिस्सा कुठवर ते डोळ्यांनी बघून घे. तुझ्या भागातही साग फुटलाय. तो विकायचा की ठेवायचा, तुझं तू ठरव. माझ्या भागात आम्ही पुढच्या मार्चमध्ये चारही बाजूंनी गवत काढून आगीसाठी पट्टा मोकळा करणार आहोत. रघूने जागा दाखवायचं कबूल केलंय, अजून नीट बोलत नसला तरी.

मुदतीचे अजून काही दिवस असतील, पण ऑफिसात जायची तसदी घेऊ नकोस. तू जे सांगणार होतास ते तिथे लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे. तुला माझी सही हवीच होती ना, तेवढी एकच मिळेल, आणि ती बघायला रोह्याला जावं लागेल.

तुझी बहीण,
नूतन